शोकाकुलांच्या ओळीत तिसरी

लातुरात औसा रोडवर सुकन्याने स्वतःचा फोटो फ्लेक्सवर पाहिला आणि ती जागीच थांबली. फ्लेक्सवर हात जोडलेले तात्यासाहेब होते, एका मजल्याएवढे. त्यांच्या कोपरांखाली पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांची ओळ होती आणि ओळीच्या सुरुवातीला लाल अक्षरात 'शुभेच्छुक' लिहिलेलं होतं. डावीकडून तिसरा चेहरा तिचा होता. खाली नाव : प्रा. सुकन्या रामकिशन मोरतळे.

ती प्राध्यापक नव्हती. चाकूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होती. शिकवलेल्या तासांचे पैसे मिळत, सुट्टीत काही मिळत नसे, आणि येत्या जूनपासून तासही मिळणार नाहीत असं प्राचार्यांनी कळवलं होतं. नेमकी त्याच वेळी तात्यासाहेबांच्या लातूरच्या शिक्षणसंस्थेत रसायनशास्त्राची पूर्णवेळ जागा निघाली. मुलाखत सोमवारी होती. आदल्या शुक्रवारी तात्यासाहेबांचा वाढदिवस होता. पेपरातली जाहिरात सुकन्याने वाचली, वाढदिवसाची तारीख लखनमामाच्या लक्षात होती.

लखनमामा लातुरात प्लॉट विकायचा. तिने तिथूनच त्याला फोन लावला.

"मामा, मी प्राध्यापक कधी झाले?"

"होशील की. आधी फ्लेक्सवर होतेत, मग कागदावर."

"उतरवा ते. लोक हसतील."

"उतरवू? अगं येडे, त्या ओळीत बसाया लोकं मरायलेत. पहिले दोघं संस्थेचे डायरेक्टर हायत. डायरेक्टरला खेटून बसवलंय तुला. आन तू म्हणायलीस उतरवा."

"मी मुलाखतीची तयारी करतेय, मामा. पाठ घ्यायचाय तिथं."

"तू तुझी तयारी कर, मी माझी करतो. दोन्ही लागतेत."

तिची तयारी खरोखर चालू होती. मुलाखतीत उमेदवाराने फळ्यासमोर उभं राहून वीसेक मिनिटं शिकवून दाखवायचं असतं. तिने रासायनिक समतोल हा विषय निवडला होता. घरी रात्रीच्या जेवणाआधी ती भिंतीला फळा समजून उभी राहायची आणि समोर आई, सिंधु, तांदूळ निवडत बसायची. दोन घागरी घ्या, सुकन्या सांगायची, या घागरीतलं पाणी तांब्याने त्या घागरीत टाका आणि त्याच वेळी तेवढंच पाणी परत इकडे आणा. पातळी हलत नाही. म्हणून पाणी थांबलंय असं नाही.

"मला त्यातलं काय कळणार," सिंधु म्हणायची. "पर तू मधीच थांबतीस, तवा मला भ्या वाटतंय. थांबू नको बघ. चुकलीस तरी बोलत ऱ्हा."

गुरुवारी सकाळी तात्यासाहेबांच्या आई वारल्या. वय नव्वदीपलीकडचं होतं आणि कित्येक वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. सुकन्याला बातमी मामाच्या फोनवरून कळली.

"पोरी, घात झाला. म्हातारी आजच गेली."

"अरेरे."

"अरेरे काय? अख्ख्या लातुरात 'हार्दिक शुभेच्छा' टांगलंय आन त्यांच्या घरात मढं. तुझा फोटो त्यात हसायलाय. दुपारच्या आत बदलून घ्यावं लागतंय. फोन ठेव, बसवराजकडं लाइन लागली आसंल."

बसवराज हा उदगीरचा फ्लेक्सवाला. लातुरात त्याचं दुकान होतं. त्याच्याकडे खरंच रांग होती, असं मामाने संध्याकाळी येऊन कौतुकाने सांगितलं. बसवराजची पद्धत सोपी होती. फाइल जुनीच घ्यायची. केक काढून तिथे समई बसवायची, तात्यासाहेबांच्या जागी त्यांच्या आईचा फोटो, 'वाढदिवस' खोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खालची चेहऱ्यांची ओळ तशीच. फक्त 'शुभेच्छुक'च्या जागी 'शोकाकुल'.

"समदी हसायलेत की रे, म्हटलं मी त्याला," मामा सांगत होता. "तर म्हणतो, मामा, हसू काढता येत न्हाई. रंग काढून देतो."

मामाने मोबाइलवर फोटो दाखवला. ओळीतले सगळे चेहरे करडे झाले होते. डावीकडून तिसरी सुकन्या, पदवीदान समारंभाच्या दिवशी काढलेल्या फोटोत दात दिसतील इतकं हसत, शोकाकुल होती.

सिंधुने मोबाइल हातात घेतला आणि लगेच परत दिला. "लखन, जित्या पोरीचा फोटो असा लावतेत का? मला तर तीच गेल्यावानी दिसायली."

"अक्का, तू गप. आन मुलाखतीला ती मोरपंखी साडी नको. पांढरी नेसव."

"लगीन न झाल्याली पोरगी माझी. पांढरी नेसवू?"

"मग फिक्की तरी. सुतक हाय त्यांच्या घरात. रंगीत नेसून गेली तर काय वाटंल त्यान्ला?"

सुकन्याचे वडील रामकिशन खाटेवर बसून ऐकत होते. ते बोलले तेव्हा एवढंच बोलले, "मुलाखत पुढं ढकलणार न्हाईत का?"

"कशी ढकलतेत, दाजी? पेपरात तारीख आली, विद्यापीठाचा माणूस यायलाय. मुलाखत हाय म्हंजी हाय."

सुकन्या सोमवारी राखाडी साडी नेसून गेली. पर्समध्ये स्वतःचे खडू घेतले होते. संस्थेच्या कार्यालयाबाहेर बाकं मांडलेली होती आणि बाकांवरच्या सगळ्या मुली पांढऱ्या किंवा पांढऱ्याला जवळच्या साड्यांत होत्या. मुलांचे शर्ट पांढरे होते. नोकरीच्या मुलाखतीची नव्हे, प्रेत उचलण्याची वाट बघत बसल्यासारखी ती माणसं दिसत होती. वेगळं एवढंच की प्रत्येकाच्या मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल होती.

ते एकमेकांना ओळखत होते. कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं, पण सगळे ओळखत होते.

"तुम्ही औसा रोडवर तिसऱ्या ना?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मी बसस्टँडपाशी. पाचवी. उज्वला. हदगावहून आले." तिने फाइलने वारा घेतला. "आमच्या काकानं करून ठेवलं. मी म्हटलं, काका, मी त्या बाईला कधी पाहिलं न्हाई, मी कशाची शोकाकुल? तर म्हणतात, शोक करायला वळख कशाला लागते."

समोरच्या बाकावर जळकोटचा आदिनाथ होता. फ्लेक्सवर त्याला भरपूर केस होते. इथे त्याचं डोकं तुळतुळीत होतं आणि वस्ताऱ्याने कानामागे कापल्याची खूण ताजी होती. मृताचा मुलगा जसं मुंडन करतो तसं त्याने केलं होतं. कुणीतरी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"उकाडा लई हाय," आदिनाथ म्हणाला.

उज्वलाने तोंड फिरवलं आणि सुकन्याच्या कानात म्हणाली, "ह्याच्यापुढं आपलं काय टिकणार? आपण तर वेणी घालून आलो."

सुकन्याला हसू आलं नाही. त्या टाळूवरचा घाम चमकत होता आणि तिला तो पाहवत नव्हता. पण स्वतःच्या साडीचा राखाडी रंगही तिला दिसत होता. फरक केसांचाच होता.

आदिनाथ आत गेला. बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. मग उज्वलाला बोलावलं. ती लगेच परत आली.

"काय विचारलं?" सुकन्याने उठून विचारलं.

"एकच विचारून राहिले. आईसाहेबांची एखादी आठवण सांगा. मी म्हटलं, आठवण न्हाई, फोटो काकानं लावला. झालं. या म्हणे." उज्वला फाइल पिशवीत कोंबत होती. तिचे कान लाल झाले होते. "पाठ-बीठ काय घेऊन राहिले न्हाईत. फळ्यावर आईसाहेबांचा फोटो टेकवून ठेवलाय. जाते मी. नांदेडची गाडी धरते, पुढं हदगावची मिळंल."

म्हणजे आत शिरण्यापूर्वी सुकन्याला सगळं माहीत होतं. खरं बोलण्याचं काय होतं ते तिच्यासमोरून पिशवी उचलून निघालं होतं.

आत तिघं होते. मध्ये तात्यासाहेब, मुंडन केलेले, आदिनाथसारखेच. डावीकडे संस्थेचे सचिव. उजवीकडे विद्यापीठाकडून आलेले विषयतज्ज्ञ, बशीतली बिस्किटं एकावर एक रचत होते. फळ्याला फोटो टेकवलेला होता आणि त्याला घातलेल्या हाराची फुलं खडूच्या फळीवर गळली होती.

"मी रासायनिक समतोलावर पाठ तयार केलाय," सुकन्या म्हणाली.

विषयतज्ज्ञांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. "पाठ राहू द्या."

"मोरतळे," तात्यासाहेब म्हणाले. "फलकावर तुमचा फोटो बघितला. आईला ओळखत होता?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. सुकन्याला मृत माणसाची एकच आठवण होती आणि ती तिच्या आजीची, वडिलांच्या आईची होती. कावेरीबाई. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. येताना पदरात काहीतरी असायचं, घाटे, बोरं, कधी लग्नघरातली बुंदी, आणि ते नेहमी कागदात बांधलेलं असायचं. पोरांनी हात पुढे केला की ती पुडी मागे घ्यायची. आधी कागद वाच. पेपराचा तुकडा असो, औषधाच्या डब्याचा कागद असो, वाचल्याशिवाय द्यायची नाही. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. डब्यांवरची बारीक, अवघड नावं सुकन्याने पहिल्यांदा वाचली ती त्या पुड्यांवर.

"आमच्या शाळेत आल्या होत्या," सुकन्या म्हणाली. "झेंडावंदनाला. मी तिसरीत असेन. आईसाहेब स्वतःच्या हाताने खाऊ वाटत होत्या. मी हात पुढे केला तर पुडी मागे घेतली. म्हणाल्या, आधी कागद वाच." तिचा आवाज स्थिर होता. आपण थांबत नाही आहोत हे तिच्या लक्षात आलं. "मी वाचलं. म्हणाल्या, वाच, मग ग्वाड लागतंय."

आजीचे शब्द तिने आजीच्याच आवाजात म्हटले.

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. सचिवांनी खाली बघितलं. विषयतज्ज्ञांच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

"तिला वाचता येत नव्हतं," तात्यासाहेब म्हणाले. "कुणाला माहीत नाही हे. आम्ही कधी सांगितलं नाही. ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, हे तुम्हाला कसं कळलं असतं नाहीतर." आणि ते रडले. आधीच्या उमेदवारांनी काय केलं असेल ते असेल, हे रडणं खरं होतं. खांदे हलत होते, नाक वाहत होतं, रुमाल सापडत नव्हता. मघाशी आदिनाथच्या टाळूकडे बघताना आली तशी, पण त्याहून मोठी किळस सुकन्याला आली, आणि या वेळी ती दुसऱ्या कुणाची नव्हती.

"तेराव्याला श्रद्धांजली सभा आहे," ते सावरल्यावर म्हणाले. "हे तिथं बोला. असंच. बाकीचं सचिव बघतील."

घरी सगळे वाट बघत होते.

"काय इचारलं?" रामकिशननी विचारलं.

"समतोलावर विचारलं," सुकन्या म्हणाली. "चांगलं झालं. तेराव्याला बोलायला सांगितलंय."

"बघा!" मामा खाटेवरून उठला. "तिसरा नंबर उगाच घेतला का? दाजी, मी गाडी आणतो, समदे जाऊ."

"बाबांनी कशाला यायचं," सुकन्या म्हणाली. "उन्हात. मी आणि मामा जातो."

"ऊन काय मला नवं हाय?" रामकिशन म्हणाले. "जे घर पोरीला भाकरी देणार, त्या घरच्या माउलीला फूल तरी वाहू दे."

तिने आणखी दोनदा सांगून पाहिलं. सभेच्या आदल्या दिवशी तर म्हणाली की तिथे मोठी माणसं असतात, बसायला जागा मिळत नाही. रामकिशननी ठेवणीतलं धोतर काढून सिंधुकडे इस्त्रीला दिलं होतं.

मंडप मोठा होता. चहूबाजूंनी कूलर लावलेले होते आणि व्यासपीठामागे आईसाहेबांचा फ्लेक्स होता, खाली तीच ओळ. नेते बोलले, संस्थेचे डायरेक्टर बोलले, आदिनाथ बोलला. त्याच्या डोक्यावर आता खुंट उगवले होते. आईसाहेब स्वप्नात आल्या होत्या असं त्याने सांगितलं. पण त्याला दाद मिळाली नाही. लोक पंख्यासारखे कागद हलवत राहिले.

मग निवेदकाने पुकारलं, "प्राध्यापक सुकन्या मोरतळे."

ती माइकसमोर उभी राहिली. रामकिशन तिसऱ्या रांगेत मामाशेजारी होते, हातात गुलाबाची सुटी फुलं घेऊन. तिने त्यांच्याकडे न बघता सुरुवात केली. झेंडावंदन, खाऊ, पुढे केलेला हात. पुडी मागे घेतली, असं ती म्हणाली तेव्हा मंडपातले कागद हलायचे थांबले. तेवढ्यात तिची नजर गेली. रामकिशन मान थोडी पुढे काढून ऐकत होते, आपलं नाव दुरून कुणी घेतलं की माणूस ऐकतो तसे. त्यांनीही लहानपणी त्या पुड्या वाचल्या होत्या. चौथीत शाळा सुटल्यावरही वाचल्या होत्या.

अजून शेवटचे शब्द राहिले होते. तिथे थांबता आलं असतं. आवाज दाटला असं दाखवून खाली उतरता आलं असतं आणि लोकांनी त्यालाही दाद दिली असती. आईने भिंतीसमोर रोज सांगितलं होतं, थांबू नको. ती थांबली नाही.

"म्हणाल्या, वाच, मग ग्वाड लागतंय."

बायकांच्या बाजूने हुंदके आले. तात्यासाहेब उठले आणि त्यांनी व्यासपीठावरच तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटोवाले पुढे धावले. फुलं वाहायला रांग लागली तेव्हा मामा रामकिशनना ओढत पुढे नेत होता. रामकिशन गेले. फोटोसमोर उभे राहिले. फुलं त्यांनी वाहिली नाहीत, टाकलीही नाहीत. मुठीत धरून परत आले.

परतीच्या वाटेवर मामा एकटाच बोलत होता. "काय ठोकलंस गं! आन ते ग्वाड-बीड कुठून सुचलं तुला? समदा मंडप रडविलास."

"तू आमच्या मायला बघितलं न्हवतंस का, लखन?" रामकिशननी विचारलं.

"तुमची माय? लग्नात बघितली आसंल. का वो, दाजी?"

"काय न्हाई."

चाकूरला घरी उतरल्यावर रामकिशननी मूठ उघडून फुलं दारातल्या तुळशीत टाकली आणि धोतर बदलायला आत गेले. सुकन्या त्या रात्री त्यांच्यासमोर जेवायला बसली नाही. त्यांनी तिला बोलावलंही नाही.

नेमणुकीचं पत्र आठवड्याभरात आलं. मामाने लगोलग औसा रोडवर नवा फ्लेक्स लावला : 'हार्दिक अभिनंदन'. फोटो तोच, दात दिसणारा. बसवराजने त्यात रंग परत भरून दिला होता.

रुजू व्हायच्या दिवशी रामकिशन स्वतःहून तयार झाले. सिंधुने त्यांना सुकन्याचा डबा दिला आणि ते लेकीबरोबर लातूरच्या गाडीत बसले. गाडीत त्यांनी खिडकीची जागा तिला दिली. महाविद्यालयाच्या फाटकापाशी पोचल्यावर दोघांनाही एकाच वेळी दिसलं. कमानीवर नवा फलक होता, फ्लेक्स नव्हे, चांगला लोखंडी, कायमचा. एका बाजूला आईसाहेबांचा फोटो, काठापदराची साडी, कपाळावर मोठं कुंकू. शेजारी सोनेरी अक्षरं.

रामकिशन कमानीखाली उभे राहिले आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागले. आजूबाजूने मुलंमुली आत जात होती. त्यांना बाजूला व्हायचं भान नव्हतं.

"वाच... मग... गोड... लागतं. कैलासवासी... आईसाहेब."

वाचून झाल्यावर त्यांनी त्या फोटोकडे पाहिलं. कावेरीबाईचा फोटो त्यांच्या घरात नव्हता. कधी काढलाच गेला नव्हता.

"बाबा," सुकन्या म्हणाली. "मी सांगणार होते."

ते रस्त्याच्या कडेला गेले आणि थुंकले. ते पान खात नव्हते, तंबाखूही नाही. पुन्हा एकदा थुंकले, उपरण्याने तोंड नीट पुसलं आणि परत येऊन तिच्या हातात डबा दिला.

"जा," ते म्हणाले. "पहिल्याच दिशी उशीर नको."

ती कमानीखालून आत गेली. कार्यालयात शिपायाने हजेरीपट पुढे केला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. तिच्या नावामागे 'प्रा.' छापलेलं होतं. तिने सही केली. खिडकीतून रस्ता दिसत होता. रामकिशन उन्हात बसस्टँडकडे चालत होते, आणि चालता चालता त्यांनी उपरण्याने पुन्हा तोंड पुसलं.